पळता ठेका

३ फेब्रुवारी

आणि पुन्हा तेच. "तू पळतोस." ताई, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आता वाचून डोळेही किटायला लागले. पत्र्याचे डबे बडवायचो तेव्हापासून तुझं हेच चाललंय. मान्य, पळतो. गाणं रंगात आलं की माझे हात माझं ऐकत नाहीत, ठेका पुढे जातो आणि तुम्हा सगळ्यांना माझ्यामागे यावं लागतं. पण तो शेवटचा कार्यक्रम झाला, लंबूने बास गिटार वाजवली, तू गायलीस, कुणी मेलं नाही. आता सहा महिन्यांनी अचानक तुला ते ऐकवेनासं झालं?

तुझा मेसेज मी उलटा-सुलटा करून वाचला. नऊ गाण्यांचा अल्बम काढताय. चार नवी, स्टुडिओत बसून केलेली. पाच जुनी, त्या कार्यक्रमातली, जशी वाजली तशी. इथपर्यंत झकास. मग खाली एका ओळीत, जणू दुधाचा हिशोब लिहावा तसं: पाचही गाण्यांतले तुझे ड्रम काढून नव्या मुलाकडून पुन्हा वाजवून घेणार, कारण तू पळतोस. मी तिथून निघाल्यापासून 'जशी वाजली तशी' याचा अर्थ बदलला का?

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला उत्तर म्हणजे "हं" किंवा "बघू". म्हणून कागदावर लिहितोय. शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कागद निदान फाडावा तरी लागतो, तेवढी मेहनत तरी पडेल तुला.

आणि त्या टाळ्या कुणाच्या? लोकांचा आवाज घेण्यासाठीचा माइक लंबूने खांबाला बांधला, वर झकास चिकटपट्ट्या मारल्या, आणि त्याच्या वायरीचं दुसरं टोक त्याच्याच बॅगेत राहिलं, हे आपल्या तिघांना माहीत आहे. म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्ये लोक नाहीतच. आणि तू पाठवलेल्या तुकड्यात पहिलं गाणं संपलं की असा गजर उठतो, जणू मैदानावर कुणी सामना जिंकलाय. त्यातला एक शिट्टीवाला तर मला पुढच्या गाण्यानंतरही सापडला, तोच, तशाच शिट्टीचा. अगं, तो हॉल केवढा, त्यात घडीच्या खुर्च्या, त्यातल्या अर्ध्या रिकाम्या. पुढच्या रांगेत तुझ्या ऑफिसातल्या मुली कानांत बोटं घालून बसलेल्या. त्या असा गजर करणार? स्टुडिओतल्या साउंडवाल्याला सांग, कुठून उचलायचंच असेल तर आपल्या मापाचं तरी उचल.

असो. मुद्दा टाळ्यांचा नाही. नव्या चार गाण्यांत मी नाही, मी इथे आहे, ते ठीक. जुन्या पाचांतूनही मला काढलंस तर मी कुठेच उरत नाही. एवढी वर्षं तुझ्या मागे बसून वाजवलं आणि त्यातला एक ठोकाही शिल्लक नाही, असं होईल. हे तुला कळतंय का? कळत असेल तर मुद्दाम करतेयस का? मी न सांगता निघालो त्याचा राग असेल तर तो माझ्यावर काढ, ड्रमवर नको. परदेशी नोकरीच्या एजंटचा फोन आला आणि निघालो. तुला सांगितलं असतं तर तू दारात उभी राहिली असतीस, आणि मग मी गेलो नसतो.

इकडचं विचारलं नाहीसच, पण सांगतो. कपडे धुण्याचा कारखाना आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, डोंगर नुसते. माझ्याकडे पिळायची मशिनं आहेत. त्यांच्या आतल्या पिंपालाही ड्रमच म्हणतात, तेव्हा कुणी विचारलं तर बेधडक सांग, भाऊ अजून ड्रमवरच आहे. ओल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या की मशीन पाय आपटत जागेवरून सरकायला लागतं. मग मुकादम ओरडतो, मी जाऊन ते बंद करतो, गुंता सोडवतो, चादरी सगळीकडे सारख्या पसरून पुन्हा चालू करतो. दिवसभर हेच. दुसऱ्याचं पळणं थांबवायचे पैसे मिळतात मला. हस.

माझे ड्रम काढणार असशील तर माझं नावही काढ. नाव ठेवून हात काढलेले मला चालणार नाहीत.


१९ फेब्रुवारी

एवढ्या लांब पत्राला उत्तर म्हणून तू दोन नवी गाणी पाठवलीस, वर एक शब्द नाही. बरं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसून ऐकली. आता माझं मत ऐक, मागितलं नसलंस तरी.

हा तुमचा क्लासवाला झोपलाय का? लंबू म्हणाला होता, मोठ्या क्लासात शिकलाय, समोर कागद ठेवून वाजवतो. कागदावर बहुतेक जांभया लिहिलेल्या असाव्यात. गाणं असं चालतं जणू गुडघाभर पाण्यातून चाललंय. दुसऱ्या कडव्यात तर तो तुझ्यासाठी चक्क थांबतो. मी पुढे गेलो तर "पळतोस", आणि तो थांबला तर काय, कला?

आणि तू. ओळ मध्येच तोडतेस. जिथे वर चढायचं तिथे चढत नाहीस, खाली उतरून बोलल्यासारखं काहीतरी म्हणतेस. हे कुणी शिकवलं? आता वय झालं, जरा शांत गा, असं? आपला हार्ड रॉकचा बँड आहे ना, की मी इकडे आल्यावर अंगाईचं दुकान काढलंत? तू ओरडायला लागलीस की खालच्या मजल्यावरचे काका काठीने छताला ठोकायचे आणि मी त्यांच्या ठोक्यावर वाजवायचो. हे गाणं ऐकून ते काका पांघरूण ओढून झोपी जातील.

रविवारी घरी फोन केला. आईने घेतला. म्हटलं, ताईला दे. म्हणाली, अंघोळीला गेलीये. मागच्या खेपेलाही तू अंघोळीलाच होतीस. एवढी स्वच्छता आपल्या घरात कधीपासून? आणि मागे स्वयंपाकघरात डाव पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुणीतरी टाळी वाजवून आईला बोलावलं. मी विचारलं, कोण आहे? तर आई म्हणाली, कुणी नाही, तू वेळेवर जेवतोस ना? आईला खोटं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तिला कामाला कशाला लावतेस? मला तुझ्याशी बोलायचं नाही, एवढं तू स्वतः कळवलंस तरी चालेल.

(हे पाकिटात घालणार तोवर तुझा मेसेज आला. एवढा मोठा मेसेज तुझ्याकडून बऱ्याच दिवसांनी. "तुझी झांज माझ्या माइकमध्ये शिरली आहे. ड्रम काढले तरी ती राहते. म्हणून पाचही गाणी मी पुन्हा गाणार. स्टुडिओचं बुकिंग झालं.")

शिरणारच. त्या स्टेजवर जागा होती केवढी? माझी मोठी झांज तुझ्या उजव्या कानाला लागून होती. तुझ्या आवाजात मी आहे आणि माझ्या माइकमध्ये तू आहेस, एकाला काढायचं तर दुसऱ्याला काढावंच लागतं. ते कळल्यावर शहाणा माणूस म्हणाला असता, राहू दे मग दोघांना. पण नाही. माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून तू स्वतःचं गाणं फेकून द्यायला निघालीस. ते तिसरं गाणंसुद्धा? ज्याच्या शेवटी तू एक सूर धरलास आणि सोडेनाचस, मी शेवटचा ठोका म्हणून मारला, पुन्हा मारला, लंबू माझ्याकडे बघायला लागला, आणि तू आपली वरच? ते तू आता त्या थंड खोलीत, काचेसमोर, कानाला डबडी लावून परत गाणार आहेस?

तुझा राग एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.


७ मार्च

लंबूला मी फोनवर भरपूर शिव्या दिल्या. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या, आणि मग म्हणाला, "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीये तिने. पण तुझी पत्रं ती मला वाचायला देते, आणि आता मला ती वाचवत नाहीत."

मग सांगितलं. कार्यक्रमानंतर तुझा आवाज बसला तो उठलाच नाही. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस एक शब्दही बोलायचा नव्हता, घरात पाटी घेऊन फिरायचीस, आईला बोलवायला टाळी वाजवायचीस. आता बोलतेस, पण दिवसाला थोडंच, आणि तेवढंही तू स्टुडिओसाठी राखून ठेवतेस. फोनवर तर नाहीच. ऑफिसात लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून उत्तरं द्यायचीस, तिथून उठवून तुला टाइप करायच्या टेबलावर बसवलंय. आणि वरचे सूर गेले. डॉक्टर म्हणाले, आले तर येतील.

अगं, सांगायला काय झालं होतं? बोलता येत नव्हतं, लिहिता तर येत होतं ना? "हं" आणि "बघू" लिहायला गळा लागत नाही, तसाच "ऑपरेशन झालं" लिहायलाही लागत नाही. मी इकडे वेड्यासारखा अंगाईचं दुकान आणि जांभया लिहीत बसलोय, तुम्ही तिकडे ते वाचताय, आई अंघोळीच्या गोष्टी रचतेय. तिघंही माझ्यापासून लपवताय, म्हणजे मी कोण, पाहुणा? मी घाबरून परत आलो असतो म्हणून नाही सांगितलंस, असं लंबू म्हणाला. मी आलो असतो की नाही ते मला ठरवू द्यायचं होतंस. एकीकडे म्हणायचं पळून गेला, आणि दुसरीकडे परतायचं कारणच दाबून ठेवायचं. आपलं घर म्हणजे धन्य आहे.

तो क्लासवाला स्टुडिओत म्हणे आडवा बसतो, तुझे खांदे दिसतील असा. तू श्वास घ्यायला लागलीस की तुझे खांदे वर होतात, तेवढा वेळ तो हात धरून ठेवतो. तो थांबतो ते त्यासाठी. लंबूने हे सांगितल्यावर मी ती दोन गाणी परत ऐकली. चांगला वाजवतो. हे वाक्य लिहायला मला एक अख्खा चहा लागला. मला राग आला तो ते वाईट आहे म्हणून नव्हता, हे आता कळलं.

आणि ड्रमचं कारणही कळलं. "तू पळतोस" हे नेहमीचं आहे, पुढे केलं की मी भडकणार आणि दुसरं काही विचारणार नाही. खरं म्हणजे तुला तुझा जुना आवाज त्या अल्बममध्ये नको आहे. आधीची तू आणि आताची तू एकापाठोपाठ कुणी ऐकू नये, म्हणून जुनी पाच गाणी तू नव्या गळ्याने, नव्या चालीने, सावकाश करून घेणार. मी फक्त वाटेत आलो. झांजेसकट.

लंबू चांगला आहे गं. तो मला म्हणाला, "शेवटच्या गाण्यात तू एवढा पळालास ते तिचा आवाज फाटत होता म्हणूनच ना? लवकर संपावं म्हणून?" मी हो म्हणणार होतो. ऐकायला बरं वाटलं असतं. पण खोटं आहे ते. मला काही कळलं नव्हतं. मजा येत होती म्हणून पळालो.


८ मार्च

कालच्या पत्रात एक विचारायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. त्या दिवशी मी जसा पळालो, तसं तुला गावं लागलं. श्वास घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती. त्याने झालं का हे? डॉक्टरांना विचारलं होतंस का? जे असेल ते लिही, आईसारखं गोड करून नको.


२५ मार्च

पत्र मिळालं. तुझं अक्षर इतकं घाण कधी झालं? मी म्हणतो मला शाळा नाही, तुला काय झालंय?

पहिल्या उत्तराबद्दल आधी. तू लिहिलंस, "गळा माझा आहे. त्याची वाट लावायचा मान मी तुला देणार नाही. ती गाठ आधीपासून होती, तू फुशारक्या मारू नकोस." हे वाचून मी जिन्यात बसून एवढा हसलो की घड्या घालणाऱ्या बायका बघायला आल्या. मग हसणं थांबेना, ते जाऊ दे.

आता दुसरं. तू लिहितेस, "दोन्ही आवाज शेजारी ठेवले की लोक म्हणतील, बिचारी, आधी काय गायची. मला बिचारी व्हायचं नाही. सगळं एका आवाजात असलं म्हणजे कुणाला काही कळणार नाही, आणि मलाही दर वेळी आठवणार नाही."  भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना, असं माझं सहसा होत नाही. कारण तू चुकीचं बोलत नाहीस. म्हणतीलच काही जण. लोकांच्या तोंडाला मी तरी काय करू?

पण लंबूकडून मी त्या कार्यक्रमाचं कच्चं रेकॉर्डिंग मागवलं, टाळ्या न घातलेलं. तू ते अलीकडे ऐकलंयस का? तिसरं गाणं संपतं, तो तुझा न सुटणारा सूर सुटतो, आणि मग काहीच नाही, कारण लोकांची वायर बॅगेत. त्या शांततेत तू धापा टाकतेयस आणि माझ्या माइकमध्ये हळूच म्हणतेस, "गधड्या, हळू." आणि मी हसतो, आणि लगेच पुढच्या गाण्याला आणखी जोरात सुरुवात करतो. हे तुम्ही त्या मैदानातल्या गजराखाली गाडून टाकलंत. ते ऐकून कुणी बिचारी म्हणून दाखवावं. ती बाई धापा टाकतेय आणि वर रागावतेय.

खात्री करायची म्हणून मी एक काम केलं, तुला आवडणार नाही. मुकादमाला दोन्ही ऐकवली, काही न सांगता, माझेच इयरफोन त्याच्या कानांत घालून. एक जुनं आणि लगेच एक नवं. हा माणूस ओरडण्याशिवाय काही करत नाही, गाणंबिणं त्याला कळत नाही. जुनं ऐकताना तोंड वाकडं केलं, म्हणाला, हिला आवरा कुणीतरी. नवं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ही दुसरी कोण, तिची मोठी बहीण का? मी म्हटलं, हो. तर म्हणाला, हिला बोलवा, ती धाकटी आपोआप गप्प बसेल. आणि इयरफोन माझ्या हातात ठेवून मशीनकडे बोट केलं, कारण माझं एक मशीन सरकत चाललं होतं.

बिचारी म्हणाला नाही. तुला नीट कळावं म्हणून परत लिहितो. दोन्हींत कुणालाच नाही म्हणाला.

मला एवढंच म्हणायचंय. धाकटीला पुसू नकोस. ती आरडाओरडा करते, तिला श्वास घेता येत नाही, तिच्या मागे एक गाढव बसलंय जे ठेका पळवतंय, सगळं खरं. पण मोठी चार गाणी गाईल आणि तिच्यानंतर ही पाच आली तर मोठी लहान होत नाही. उलट धाकटी नसेल तर मोठी कुठून आली तेच कुणाला कळणार नाही. माझ्या ड्रमचं म्हणशील तर ते काढता आले तर खुशाल काढ, माझी आता हरकत नाही. मनापासून सांगतोय, तणतणत नाही. नावाचंही मी काय ते बोललो होतो ते सोड, ठेव नाहीतर ठेवू नकोस. अडचण अशी आहे की मी निघत नाही. मला काढायला गेलीस तर तूही जातेस, म्हणून तुला मला सहन करावं लागेल. याला माझा इलाज नाही.

बुकिंगच्या तारखांना यावं म्हणून सुट्टी मागितली होती. मुकादम म्हणाला, वर्ष झाल्याशिवाय नाही. गेलास तर आमच्याकडे ठेवलेला पासपोर्ट घेऊनच जा, परत येऊ नकोस. त्याच्याशी भांडून निघावं असं मनात आलं होतं, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण मी येऊन करणार काय? तू गाणार, तो क्लासवाला तुझे खांदे बघणार, मी काचेबाहेर बसून पाय हलवणार. म्हणून या वेळी नाही निघालो. लिहून ठेव कुठेतरी.

आता नीट ऐक. लंबू म्हणाला, बुकिंग रद्द केलं तर आगाऊ दिलेले पैसे साउंडवाला परत देत नाही, आणि तू म्हणतेस, पैसे अडकलेत म्हणून आता गावंच लागेल. हे कारण मला मान्य नाही, आणि यापुढे ते तुझ्याकडे उरणारही नाही, कारण तेवढे मी भरतोय. रद्द केलंस तर बुडाले ते माझे बुडाले. आणि इतकं सगळं वाचूनही पुन्हा गायचंच असं तुझ्या मनाने घेतलं तर गा. गळा तुझा आहे, तूच म्हणालीस. मग हे जास्तीच्या दिवसांचे समज, घाई करू नकोस, मधेमधे पाणी पी, थकलीस की उठून घरी जा आणि दुसऱ्या दिवशी परत ये. एकाच दिवसात सगळं उरकायला जाऊ नकोस. तेवढं पळणं घरात एकाकडे पुरे.

तुझ्या नावावर पाठवले असते तर तू परत धाडले असतेस, म्हणून आईच्या नावावर टाकलेत. तिने विचारलं तर सांग, ताईच्या गाण्याचे आहेत. बावीस हजार.